चिंचेनं घासलेले पैसे

"आई, डोळे मिटा न आधी!"

दामिनीनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, मला मागच्या अंगणाच्या दारात उभं केलं आणि स्वतः पुढे पळाली. मी मिटले डोळे. उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली नवी सून, तिचं मन कशाला मोडायचं? चक्कीवरून आल्या आल्या, केसांत-भुवयांत पीठ घेऊन, मी माझ्याच अंगणात आंधळी होऊन उभी राहिले.

"हां. आता उघडा."

उघडले. नळाजवळच्या बाजेवर माझी जुनी सुती साडी अंथरली होती आणि तिच्यावर, कुरड्या वाळत घालाव्यात तसं, गोल गोल काहीतरी ओळीनं मांडलं होतं. लाल, गुलाबी, चकचकीत. दुपारच्या उन्हात बघवत नव्हतं इतकं चकचकीत. देवाशप्पथ सांगते, पहिल्यांदा मी ओळखलंच नाही. वाटलं, दिवाळीचं काही तोरणाबिरणाचं सामान आणलं असेल पोरीनं. मग बाजूला माझी लाकडी पेटी दिसली, उघडी आणि रिकामी. परातीत भिजवलेली चिंच दिसली, नारळाची शेंडी दिसली. नालीकडे वाहत चाललेलं काळं-हिरवं पाणी दिसलं. ते पाणी बघितलं आणि मग कळलं, ही तर माझी नाणी.

"कसे दिसून राहिले?" दामिनीनं विचारलं. तिची बोटं चिंचेनं पांढरी पडून सुरकुतली होती आणि चेहरा असा फुललेला की विचारू नका. "सकाळपासून बसली मी. एक-एक घासला. उद्या तुमचं प्रदर्शन आहे न!"

आता माझं तोंड कसं आहे ते आमच्या पाचपावलीत कुणालाही विचारा. दळणात कोणी ओले गहू आणले तर मी त्या बाईची अशी खरडपट्टी काढते की चार घरं ऐकतात. पण त्या वेळी पायरीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "चहा टाक."

नाणी जमवणारी माणसं सोडली तर हे दुःख कुणाला कळायचं नाही, म्हणून सांगते. तांब्याचं जुनं नाणं काळं पडतं, हिरवट होतं. त्याच्यावर एक साय धरते म्हणा ना. ती धरायला पिढ्या लागतात, आणि तेच त्याचं वय, तीच त्याची अब्रू. या छंदात शिरलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कानीकपाळी ओरडून सांगतात, काय वाट्टेल ते करा पण नाणं घासू नका. घासलेल्या नाण्याला जाणकार माणूस हात लावत नाही. आणि इथं माझ्या घरात सगळी पेटीच्या पेटी घासून निघाली होती, तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर, दिवाळीच्या सफाईत.

ही नाणी मी कुठल्या बाजारातून आणली नाहीत. ती माझ्याकडे दळणातून आली. आमच्या घरी आधी हातमाग होता. साड्यांचा धंदा बसला तेव्हा ह्यांनी, म्हणजे माझ्या लेकाच्या, भूपेशच्या बाबांनी, मागाच्या जागी आटाचक्की बसवली, आणि हे गिऱ्हाइकांशी बोलायला लाजतात म्हणून चक्कीवर मी बसले. आमच्याकडच्या जुन्या बायका धान्याच्या कोठीच्या तळाशी एखादा तांब्याचा पैसा टाकून ठेवायच्या, बरकत राहावी म्हणून. सासूनं टाकलेला, सासूच्या सासूनं टाकलेला. नवे गहू भरायच्या आधी कोठी झाडून तळाचं धान्य दळायला पाठवलं की तो पैसा त्यात यायचा. चक्कीच्या तोंडाशी चुंबक असतं, ते खिळे धरतं, तांबं धरत नाही. म्हणून तळाचं दळण मी आधी हातानं चाळायची. एक दिवस चाळणीत ढब्बू पैसा आला, जाडजूड, वेडावाकडा, भोसल्यांच्या काळचा. मी ज्या बाईचा तिला परत द्यायला गेले तर ती म्हणाली, "तुह्या हाती लागला वं पुष्पाताई, तूच ठेव आता."

तसे जमले. पाव आणे, भोकाचे पैसे, ढब्बू. कुणी तिथल्या तिथे दिले, कुणी परत नेले आणि काही वर्षांनी आणून दिले. अंजनाबाई म्हणून एक म्हातारी होती, नरखेडकडची, लेकाकडे राहायला आलेली. तिनं पैसा परत नेला होता. नंतर एकदा काठी टेकत आली आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "कोठीच विकली पोट्ट्यानं. आता पाकिटाचा आटा आणून राहिला. हा कुठं ठेवू मी? पाकिटात?" आम्ही दोघी हसलो होतो, पण तिचे डोळे भरले होते.

तर आमच्या नाणे मंडळातली माणसं नाणी राजाप्रमाणे लावतात, सालाप्रमाणे लावतात. मी बाईप्रमाणे लावली. कुठलं कुणाच्या कोठीतलं, ते सगळं माझ्या डोक्यात. आणि तीच नाणी उद्या माझ्या घरातून जायची होती.

झालं असं, की पावसाळ्यात माझ्या छातीत दुखलं. दवाखान्यात पडून होते तेव्हा नको नको ते मनात यायचं. ह्यांना नाणं आणि शर्टाचं बटण यातला फरक कळत नाही. भूपेश बिचारा चांगला पोरगा आहे, पण एकदा म्हणालाच होता, "आई, तुझ्यानंतर हे सारं मी काय करू वं? मले तर काहीच समजत नाही यातलं." ते खरंच होतं. त्याच आठवड्यात आनंदराव भेटायला आले, शहाळं घेऊन. आनंदराव म्हणजे आमच्या नाणे मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. धरमपेठेत बंगला, काचेची कपाटं, माणूस सज्जन, बोलणं गोड. म्हणाले, "पुष्पाताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्यानंतर हे भंगारात जाईल. मला द्या. माझ्या कपाटात जिवापाड जपेन." हाताला सलाइन लावलेलं, मी हो म्हणून बसले.

घरी आले आणि दुसऱ्याच दिवसापासून मनाला टोचणी. जबान दिली होती. मागं फिरायचं कसं? वर मंडळानं ठरवलं, वार्षिक प्रदर्शनात हे सगळ्यांसमोर द्यायचं, शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार करायचा. मंडळात बायका दोघीच, मी आणि सरिता. इतकी वर्षं प्रदर्शनात आमचं काम दारात असायचं, रांगोळी घाला, गुलाबाचं फूल द्या, या बसा म्हणा. या वर्षी पहिल्यांदा मला माझं टेबल मिळालं, माझ्या नावाची पाटी मिळाली. कशासाठी? तर सकाळी मांडायचं आणि दुपारी देऊन टाकायचं. सरिता म्हणालीच, "लग्नाच्या दिवशीच पाठवणी वं तुही!"

चहा झाला तेव्हा हे आले. बाजेकडे बघून म्हणाले, "अवं, सोन्याची खाण लागली काय आपल्याले?" आणि माझं तोंड बघितलं मात्र, चेष्टा सोडली. इतक्या वर्षांत ते नाण्यांबद्दल दुसरं काही शिकले नसले तरी एवढं शिकले होते, की ती घासायची नसतात. कारण एकदा त्यांनी एक पाव आणा धोतराला पुसला होता आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

"पोरी," ते हळूच दामिनीला म्हणाले, "हे घासाचे नसतेत वं."

"काहून?"

ह्यांनी सांगितलं, त्यांना जेवढं येतं तेवढं. दामिनी ऐकत होती, हातात चहाची गाळणी तशीच. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरून सगळं उतरत गेलं. मग ती तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि पदर तोंडात घालून रडायला लागली.

"मले वाटलं, रुखवत मांडतो तसंच असन," ती म्हणाली. "टेबल राहीन, लोक येतीन, पाह्यतीन. माह्या लग्नात मायनं रुखवताचं एक-एक भांडं स्वतः घासलं होतं, की कोणी नाव ठेवाले नको. इथं तुमच्या नावाची पाटी लागून राहिली आई. मी पेटी उघडली तर सारे काळेकुट्ट. म्हटलं, लोक म्हणतीन, घरात नवी सून असून हे असं? तुमची मान खाली जाईन म्हणून..."

आता यावर काय बोलायचं तुम्हीच सांगा. राग गेला नव्हता माझा. खोटं कशाला बोलू? अंजनाबाईच्या पैशावर आधीच अक्षरं पुसट होती, आता शेंडी फिरल्यावर तो आरशासारखा गुळगुळीत झाला होता. तो हातात घेतला आणि मला रडूच आलं. पण राग धरायचा कुणावर? जी पोरगी माझी मान खाली जाऊ नये म्हणून सकाळपासून उन्हात बसली, तिच्यावर?

"उठ," मी म्हणाले. "ओल राहिली तर आणखी खराब होतील. कोरडे करू लाग."

आम्ही दोघींनी ती एक-एक पुसून पेटीत ठेवली. ती मुसमुसत होती, मी नाक ओढत होते. हे मध्ये उभं राहून म्हणाले, "आनंदरावले फोन तं कर."

केला. "सर, उद्याचं जरा बोलायचं होतं," मी म्हणाले, तर तिकडून आनंदरावांचा आवाज आनंदानं भरलेला. "अहो ताई, मीच फोन करणार होतो! कप्पा तयार आहे. खाली मखमल लावली. पितळी पट्टीसुद्धा करून आणली, 'आनंदराव संग्रह', आणि खाली बारीक अक्षरांत 'सौजन्य: सौ. धकाते'. चालेल ना?" मी म्हणाले, चालेल. फोन ठेवला आणि ह्यांच्याकडे बघितलं.

"सांगतलं काय?"

"नाही. पट्टीवर बारीक अक्षरांत नाव टाकलं म्हणे माझं. माझंही नाही, सौभाग्यवतीचं."

"म्हणजे माह्यं," हे म्हणाले. "नाण्यांचं काही समजत नाही अन् पट्टीवर मी!" एरवी मी हसले असते. त्या दिवशी भाकरी थापायला बसले आणि चार भाकरी करपवल्या.

रविवारी सकाळी मी एकटीच निघणार होते. हे येऊ शकत नव्हते, दिवाळीच्या भाजणीचं दळण तुंबलेलं. भूपेश शिफ्टला. पण दामिनी साडी नेसून, पेटी उचलून दारात उभी.

"तू कुठं?"

"मी घासले, मीच सांगीन," ती म्हणाली. डोळे सुजलेले होते, पण आवाज पक्का. "तुम्ही काही बोलू नका आई. तुमच्यावर आळ नाही आला पाह्यजे."

सभागृहात पोचलो तेव्हा सरिता दारात रांगोळी पूर्ण करत होती. ती सरकारी दवाखान्यातली निवृत्त नर्स, राहायला जरीपटक्याच्या बाजूला, जमवते फक्त स्मरणार्थ निघालेली नाणी. बाबासाहेबांच्या शताब्दीचा रुपया ती पर्समध्ये वेगळ्या डबीत घेऊन फिरते. तिला मी दारातच सांगितलं. तिनं पेटीचं झाकण थोडं उचललं, आत बघितलं आणि पटकन बंद केलं.

"माय वं," ती म्हणाली. मग दामिनीकडे बघून हळू आवाजात, "पोरीले काही बोलली तं नाही न?"

"नाही."

"मंग ठीक आहे. बाकी पाहू."

माझं टेबल खिडकीजवळ होतं, पांढरं कापड, पाटीवर माझं नाव मोठ्या अक्षरांत. मी मांडायला सुरुवात केली तोच आनंदराव आले. पांढराशुभ्र झब्बा, हातात भिंग, मागं मंडळाचे चिटणीस शालीची पिशवी घेऊन. "बघू द्या, बघू द्या," म्हणत त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पहिलं नाणं उचललं.

उचललं आणि तसंच धरून राहिले. दुसरं उचललं, तिसरं उचललं. मग त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. त्यांचा चेहरा बघून मला खरंच भीती वाटली की आता यांनाच दवाखान्यात न्यावं लागतं की काय.

"हे... हे काय केलंत ताई?"

"मी केलं," दामिनी पुढे झाली. "आईले माहीत नव्हतं. मी चिंचेनं घासले. भांडे समजून."

"चिंचेनं," आनंदराव म्हणाले. टेबलभर नजर फिरवली. मग म्हणाले, "सगळी?"

"सगळी," दामिनी म्हणाली.

माणूस सज्जन, म्हणून तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी खोटं सांगणार नाही. नाण्यांवर त्यांचाही जीव होता, त्यांच्या परीनं. त्यांनी हातातलं नाणं जपून खाली ठेवलं आणि रुमालानं बोटं पुसली.

"पुष्पाताई," ते म्हणाले, "मला माफ करा. मी हे घेऊ शकणार नाही. माझ्या कपाटात ही मांडता येणार नाहीत. लोक हसतील. तुम्ही समजू शकता."

"समजते ना," मी म्हणाले.

"तुम्ही दिलेला शब्द... त्याचं बंधन तुमच्यावर नाही आता."

हे ऐकलं आणि काय झालं सांगू? छातीवर कुणी जातं ठेवलं होतं आणि ते उचललं, असं वाटलं. श्वास असा खोल गेला, जसा पावसाळ्यापासून गेला नव्हता. नाणी नासली होती, अंजनाबाईची अक्षरं गेली होती, मंडळात उद्यापासून माझ्या नावानं हसणार होते, आणि मला गावभर पेढे वाटावेसे वाटत होते! कशीबशी मान खाली घातली. सरिता शेजारी येऊन उभी राहिली आणि माझ्या दंडाला चिमटा काढून कानात म्हणाली, "हसू नको. लोक पाहून राहिले."

"मी कुठं हसून राहिली?"

"तुले तोंड नाही दिसत तुहं."

चिटणीसांना आता प्रश्न पडला शालीचा. सत्कार कुणाचा करायचा? ते पिशवी घेऊन आनंदरावांच्या मागं मागं गेले. नंतर कळलं की ती शाल उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना दिली, त्यांना आधी फक्त नारळ मिळणार होता. जाताना चिटणीस मला म्हणाले, "वहिनी, टेबलावर कापड टाकून ठेवू का? म्हणजे उगीच चर्चा नको."

"काहून?" मी म्हणाले. माझं तोंड परत आलं होतं. "टेबल माह्या नावाचं आहे. पाटी आहे पाहा. संध्याकाळपर्यंत मी इथून उठणार नाही."

आणि बसलो आम्ही. सकाळच्या वेळी जी जाणकार माणसं येतात ती माझ्या टेबलापाशी आली, वाकली, दचकली आणि पुढे गेली. एकानं तर चक्क जीभ चावली. दामिनी प्रत्येक वेळी खाली बघायची. मी तिला म्हणाले, "मान वर कर. आपण काही चोरून नाही आणलं."

दुपारनंतर कुटुंबंच्या कुटुंबं यायला लागली, आया, आज्या, पोरं. दरवर्षी या बायका कशा फिरतात ते मला माहीत आहे. नवरा भिंगातून बघतो, ही पर्स धरून उभी राहते आणि कंटाळून पंख्याखाली जाऊन बसते. काळ्या तुकड्यांत बघायचं काय? पण खिडकीतलं ऊन माझ्या टेबलावर आलं होतं आणि नाणी नुसती पेटली होती. एक आली, दोन आल्या, मग घोळकाच झाला.

"कायनं घासले वं?" एका आजींनी पहिलाच प्रश्न विचारला.

"चिंचेनं," दामिनी म्हणाली. "पण घासाचे नसतेत आजी. माह्याकडून चूक झाली. तुमच्या घरी असले तं तसेच ठेवा, काळेच." आणि तिनं तिथंच सगळं सांगितलं, काल ह्यांनी सांगितलेलं, वर मी रात्री जेवताना बोललेलं. रुखवताचंही सांगितलं. बायका हसल्या, पण तिला नाही हसल्या. "मी तं सासऱ्याची पूजेची घंटा घासून नाव पुसून टाकलं होतं," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "आमच्या कोठीत अजून असन एक, तळाशी. मागच्या दिवाळीत मीबी चिंच लावली त्याले, मले काय ठाऊक!" तिला वाटलं मी रागवीन. मी तिला बसायला खुर्ची दिली.

त्या गर्दीत मला एक पैसा हवा होता. एक पोरगी विचारत होती कोठीतले पैसे कसे असायचे, तिला दाखवायला. "दामिनी," मी म्हणाले, "तो कुठाय गं, जाड, एका बाजूनं..." मला शब्द सुचेना.

"चपटा? ज्याच्या काठाले खाच आहे?" ती बोलता बोलता न बघताच हात घालून तो घेऊन आली. "अन् मागं तीन टिंबं. त्याच्यातला मळ काही केल्या निघतच नव्हता. काडीनं काढला मी."

मी तिच्याकडे बघत राहिले. मग मुद्दाम विचारलं, "अन् तो पातळ? वाकडा?"

"वाकडे दोन आहेत. एकाले मधात चीर आहे, तो काय? का राणीच्या तोंडाचा?"

माझी इतकी वर्षं गेली या नाण्यांत. ह्यांनी मागाच्या लाकडाची पेटी करून दिली, पण आत कधी नीट बघितलं नाही. भूपेश नाण्यांभोवती खेळून मोठा झाला, त्याला एकही सांगता यायचं नाही. आनंदरावांनी भिंगातून बघितली. आणि ही पोरगी, एकाच सकाळी, अंगठ्यानं चोळून चोळून, सगळ्यांना ओळखत होती. कुठं खाच, कुठं चीर, कुठं टिंबं. मला आतून इतकं हलकं वाटलं की मी सरळ तिचा हात धरला. तिला वाटलं काहीतरी चुकलं.

"काय झालं आई?"

"काही नाही. तो खाचवाला आहे न, तो इतवारीतल्या एका काकूंच्या कोठीतला. त्यांच्या सासूच्या लग्नात आहेरात आला होता म्हणे. ध्यानात ठेव."

"अन् चीरवाला?"

"सांगते. एक-एक सांगते. आधी पाणी तं पिऊ दे."

संध्याकाळी आवराआवर झाली. आनंदराव जाताना टेबलापाशी थांबले. पट्टीचं काय करू, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, पण बोलले वेगळंच. "ताई, कोरड्या कापडात ठेवा. आणि पुन्हा ओल्या हातानं धरू नका." मी नमस्कार केला, मनापासून केला. सरिता तिच्या डब्या भरत होती. ती दामिनीला म्हणाली, "पुढच्या महिन्यात मीटिंगले ये वं. दारात फुलं द्याले नाही, अंदर बसाले. आपण आता तिघी झालो न."

परतताना रिक्षा केली. रस्त्यावर आकाशकंदिलांची दुकानं लागली होती, गर्दी अशी की रिक्षा मुंगीच्या पावलानं चालली होती. पेटी दामिनीच्या मांडीवर. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी झाकण दाबून धरायची. मग रिक्षा सिग्नलला थांबल्यावर तिनं हळूच विचारलं.

"आई, हे परत काळे होतीन काय? आधीसारखे?"

"होतीन न. हवा लागली की तांबं काळं पडतंच. पण जशे होते तशे व्हाले लय वर्षं लागतीन."

"किती?"

मी मनाशी हिशेब केला. माझं वय धरलं, तिचं धरलं.

"मी नाही पाह्यणार," मी म्हणाले. "तुह्या सुनेच्या हाती येतीन तोवर होतीन. तिले मात्र आल्या दिवशीच सांगून ठेव, पेटीले चिंच लावाची नाही म्हणून."

दामिनी हसली नाही. तिनं मान हलवली, सांगीन म्हणून, आणि पेटी जरा पोटाजवळ ओढून घेतली. सिग्नल सुटला.